तिने आईला आजी म्हटलं

हे बायकोला माहीत नाही. आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही कुवेतमधल्या आमच्या महबूल्यातले नाही — निदान नसाल, असं धरून चालतो. बघा, अजून धड तोंड उघडलं नाही, तोवर तुमच्यावर संशय घेऊन झाला.

संशय माझ्या अंगात मुरलाय. कुवेतला नवा होतो तेव्हा राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने ‘काय दादा, कोकणातले का?’ असं गोड विचारलं आणि एक जुनी गाडी माझ्या गळ्यात मारली. ती भर उन्हात हायवेवर बसली. तेव्हापासून ठरवलं — परमुलखात कुणी आपल्या भाषेत हाक मारली की आधी खिसा चाचपायचा. त्यात माझी नोकरी ऑडिटची. सगळं बरोबर दिसलं की मला जास्त भीती वाटते.

तर ती क्रूझ. माझी बहीण फ्लोरिडाला असते. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिने हौसेने आम्हाला कॅरिबियन बेटांची सफर काढून दिली — आई, मी, बायको आणि मुलगी. एके सकाळी जहाज त्रिनिदादला लागलं. संध्याकाळपर्यंत मोकळीक होती. बायको आणि मुलगी जहाजावरच्या तलावात डुंबत राहिल्या, मी आईला घेऊन उतरलो.

बंदराच्या फाटकाशी टॅक्सीवाले उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात परवान्याचं कार्ड. त्यांतून एक बाई पुढे आली. चाळिशीची, सावळी, अगदी आपल्याकडची वाटावी अशी. सावित्री नाव. आईचा हात धरून म्हणाली, “कम, आजी.”

आई फुललीच. आणि मी? मी मनात म्हटलं, हिला मराठी कुठून येतं? आम्हाला बोलताना ऐकलं असणार. म्हणजे सावज हेरूनच आली. पण तोवर आई पुढच्या सीटवर बसलीसुद्धा होती.

घाट चढताना आई म्हणाली, “मला जरा जाऊन यायचंय रे.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. आता मराठी घरात ‘जाऊन यायचंय’ म्हणजे कुठे, हे का सांगायला हवं? मला कळलं होतं. पण ही बाई थांबवणार ते तिच्या ओळखीच्या दुकानातच, आणि तिथे काहीतरी गळ्यात मारणार — हा माझा हिशेब. “जहाजावर गेल्यावर जा,” म्हणालो. आई कधीच वाद घालत नाही.

वर डोंगरावर समुद्र दिसायची जागा होती. मी आईला गाडीतच ठेवून पायऱ्या चढलो आणि फोटो काढत बसलो — जरा जास्तच वेळ. खाली आलो तर गाडी नाही. आई नाही.

तिथे एक शहाळंवाला होता. मला बघून हात हलवायला लागला, “मिस्टर, युवर मदर—” असं काहीतरी ओरडला. मी ढुंकूनही पाहिलं नाही. शहाळं विकायचं असेल. नाहीतर हाही तिलाच सामील. मी मिळेल ती गाडी पकडून बंदरावर आलो आणि टॅक्सीवाल्यांच्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो. माझ्या आईला पळवून नेलंय, म्हणालो. पुरावा? तो दिलाच — ही बाई आमची भाषा येत असल्याचं सोंग करते, आईला आजी म्हणते.

अधिकारी सावकाश म्हणाला, “साहेब, इथे बापाच्या आईला आम्ही सगळेच आजी म्हणतो. आमचे पूर्वज बिहारकडून उसाच्या मळ्यांवर आले, तेव्हा हा शब्द घेऊन आले.”

माझ्याकडचा एकुलता एक पुरावा गेला. मी खाली बसलो का? नाही. आवाज चढवला.

तेवढ्यात सावित्रीची गाडी आली. आई उतरली, आणि तिच्या अंगावर साडी नव्हती. मोठ्या फुलांचा सुती गाऊन होता. केस नीट विंचरलेले. आणि मला कळलं — एका नजरेत सगळं कळलं. आईला धरवलं नव्हतं. सावित्रीने तिला जवळच आपल्या घरी नेलं, धुऊनपुसून आपले कपडे घातले. शहाळंवाल्याकडे माझ्यासाठी निरोप ठेवला. डोंगरावर परत जाऊन मला शोधलं — हे आईकडून नंतर कळलं — आणि मग इथे आणून पोचवलं.

अधिकाऱ्याने तिला विचारलं, न सांगता का नेलंस? आईला इंग्रजी येत नाही, पण प्रश्न तिला कळला. तिने सावित्रीचं मनगट धरलं आणि बारीकशी मान हलवली — नको, सांगू नकोस. सावित्रीने माझ्याकडे पाहिलं. मुलाला कळलंय, तोच आता बोलेल, असं तिला वाटलं असावं. थांबली. मग एवढंच म्हणाली, “आजी वॉज टायर्ड.”

मी ‘माझी चूक झाली’ म्हणालो असतो तरी पुरलं असतं. आईच्या कपड्यांचं नावसुद्धा काढावं लागलं नसतं. पण मग कसली चूक, असं त्याने विचारलं असतं. आईने दोनदा सांगितलं होतं, हे मला सांगावं लागलं असतं. एका तक्रारीने माणसाचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं का? मी कुवेतमध्ये राहतो. खिशातला बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, आहे तोवर मी इथला. साहेबाच्या एका शब्दावर घरी गेलेली माणसं मी विमानतळावर सोडून आलोय. आणि हे सगळं माहीत असून मी म्हणालो — तक्रार कायम आहे.

अधिकाऱ्याने हात पुढे केला. सावित्रीने गळ्यातलं कार्ड काढून दिलं.

“तिचं कार्ड का घेतलं रे?” आईने विचारलं. रोज तपासतात, असं सांगून मी तिला दंडाला धरून जहाजाकडे नेलं. ती वळूनवळून हात करत होती.

आई आता आमच्याकडेच असते. उन्हाळ्यात तो गाऊन घालते. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका आल्या की सांगते, पोटची लेक करणार नाही एवढं केलं त्या पोरीने. नेमकं काय केलं ते सांगत नाही. वर म्हणते, “आणि आमच्या या संशयी प्राण्याने तिचे चांगले आभार मानले, बरं का.” बायका हसतात. मी कॉफीचा ट्रे फिरवत असतो.

परवा गाऊनची घडी घालता घालता तिने विचारलं, “ती अजून गाडी चालवत असेल ना रे?”

“असेल की,” मी म्हणालो.