वाळू दे बे

सकाळी चपलेचा अंगठा चिकटवताना ग्लूचा झोंबणारा वास नाकात गेला, अन् परळीजवळचं वीजकेंद्राची ओली राख सोडायचं तळं आठवलं.

तिथल्या माळावर मी अन् माझा दोस्त दत्ता थर्माकोलचं रिमोटवालं विमान उडवायचो. त्या दिवशी आपटून पंख तुटला. मी ग्लू लावला, फुंकर मारली.

"वाळू दे बे, घाई कावून करतो?" दत्ता म्हणाला.

मी ऐकलं न्हाई. पंख हवेतच निखळला, विमान तळ्यात पडलं. वरची राख वाळलेली दिसत होती, माझ्या ग्लूसारखीच.

"लई कडक हाय," म्हणत दत्ता आणायला गेला. दहाव्या पावलाला खालच्या गाळात गेला.

संध्याकाळी त्याचं प्रेत काढलं, तोवर विमान वरच होतं.

चपलेचा ग्लू कधीच वाळलाय. मी अजून अंगठा दाबून बसलोय.