मार्गारेट आजींची दुसरी गोळी

नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावर मुंबईची गाडी हलली, तशी आई खिडकीशी धावत आली. म्हणाली, तिकडे चूकबीक झाली तर बोंबलत फिरू नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. आण्णा तोंड फिरवून उभे होते. इंग्लंडातल्या वृद्धाश्रमात नर्स म्हणून निघाले होते मी. पोरींनो, आपल्या बॅचमधल्या आणखी तिघी निघाल्यात, म्हणून हे लिहितेय.

आठवतंय ना, नाशिकला ड्युटी संपताना आपण सगळ्या औषधांच्या चार्टवर एकदम सह्या ठोकायचो? तीच खोड नडली. मार्गारेट आजींना दुपारची बीपीची गोळी दिली, सही राहिली. तासाभराने चार्ट कोरा दिसला आणि, डोकं कुठं होतं देव जाणे, मी पुन्हा दिली. आजी उठताना कोसळता कोसळता वाचल्या. बीपी पार खाली. दुसरी गोळी फक्त मला माहीत होती. परवाना जाईल, व्हिसा जाईल, गावी सटाण्यात तोंड कसं दाखवू?

पाच मिनिटं मूठ झाकूनच ठेवली, खोटं कशाला बोलू. पण गोळीचं कळल्याशिवाय डॉक्टर इलाज काय करणार? मॅनेजरबाईंना सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत आजी सावरल्या. बाई रागावल्याच नाहीत. उलट आभार मानले, चूक लिहून द्यायचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाल्या, आजींनाही तूच सांग. ही मॅनेजरबाई चर्चची पायरी चढत नाही, देव म्हणजे थोतांड म्हणते. केरळची लिसी माझ्याबरोबर काम करते, पक्की ख्रिश्चन. ती म्हणाली, "चर्चं ओस पडली, पण पापाची कबुली सुटली नाही यांची. पाद्री गेला, फॉर्म आला."

आजींसमोर बसून दोन्ही गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी हात धरून मला माफ केलं. वाटलं, आता हायसं वाटेल. कसलं काय! आपल्याकडे चार शिव्या, थोडी रडारड, मग "चल, जेव" म्हटलं की मिटलं. इथे सगळे गोड बोलतात आणि चौकशी आपली चालूच असते. त्या गोडव्याचीच मला धास्ती बसलीय. महिना झाला, निकाल नाही.

शेवटी रविवारी आईला फोन लावला. सगळं ऐकून तिनं आधी विचारलं, "डोकरी बरी शे ना?" आजी बऱ्या आहेत म्हटल्यावर मात्र तोफखाना सुरू झाला, अक्कल गहाण टाकली होतीस का इथपासून. मी निमूट ऐकत होते, बरं वाटत होतं. मग तिचा आवाज एकदम बसला.

"तुले नोकरीवरून काढी देतीन का?"

मागून आण्णा काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते आणि तिला सांगता येईना.

घर म्हणजे काय, हे मला आता विचाराल तर सांगते. इथे मला माफ करणारे पुष्कळ आहेत. माझ्यासाठी घाबरणारी माणसं दोनच, आणि ती सटाण्याला राहतात.