पुलावरचं मंगलाष्टक

मेमोरियल डेच्या सुट्टीत नेपरव्हिलहून टोरांटोला जायचं ठरलं आणि नाशिकहून फोन आला. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंच्या भाचीचं, मुक्ताचं लग्न नेमकं त्याच शनिवारी. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आईंना विमानप्रवास जमणार नव्हता, पण मुक्तासाठी त्यांनी मंगलाष्टक रचलं होतं आणि ते त्यांनाच म्हणायचं होतं. माझा नवरा निखिल म्हणाला, गाडीतूनच म्हण. मागच्या सीटसमोर स्क्रीन, गाडीचं स्वतःचं वायफाय. नव्या गाडीचं कौतुक करायला त्याला निमित्तच हवं असतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. सहा तासांचा रस्ता, पण सुट्टीची गर्दी आणि रस्त्याची कामं, त्यामुळे आठ लागले. मुक्काम सीमेअलीकडे पोर्ट ह्युरनला. मोटेलमध्ये सकाळचा नाश्ता फुकट होता. आईंनी वॉफलला लिंबाचं लोणचं लावून खाल्लं. मीही चाखून पाहिलं, वाईट लागत नाही.

मुहूर्त गोरज, म्हणजे आमचे सकाळचे साडेनऊ. नऊपर्यंत पलीकडे पोचून कुठेतरी कॉफी घेत बसायचं होतं. पण लग्नाला पैठणीच हवी, असं आईंनी ठरवलं होतं आणि दुखऱ्या गुडघ्याने निऱ्या घालण्यात अर्धा तास गेला. साडेनऊला आम्ही सीमेच्या पुलावर रांगेत. स्क्रीनवर अंतरपाट, गुरुजी, सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन मंगलाष्टकं झाली, गाडीने पुलाचा मध्य ओलांडला आणि चित्र थिजलं.

निखिलने फोनवर कॅनडाचं रोमिंग घेतलं होतं. गाडीचं सिम वेगळं असतं आणि आमचा प्लॅन अमेरिकेपुरताच आहे, हे घरातल्या दोन सॉफ्टवेअर इंजिनियरांच्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही जाणार असाल तर हे आधी तपासा. आईंनी कागदाची घडी घातली. असू दे रे, म्हणाल्या. मला निखिलचा अस्सा राग आला!

तेवढ्यात आमच्या चौदा वर्षांच्या इराने बापाच्या फोनवरून आईंच्या भावाला साधा कॉल लावला.

"आजी, जस्ट सिंग. ते फोन माइकला धरतायत."

आईंनी कागद उघडलाच नाही. गाडी इंचाइंचाने सरकत होती आणि त्या खणखणीत म्हणत होत्या. शेवटचं 'सावधान' झालं आणि फोन कटला. पुढे अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. निखिल म्हणाला, व्हेकेशन. पैठणीतल्या आई त्याच वेळी म्हणाल्या, वेडिंग. मग दहा मिनिटं खुलासे!

दुपारी आईंच्या भावाचा फोन आला, सगळं छान ऐकू आलं म्हणाले. आईंना वाटलं, मन राखायला बोलतोय. नायगारासमोरही त्या तेच म्हणत होत्या. धबधबा मात्र बघाच, रेनकोट घरून न्या.

घरी परतल्यावर दोन आठवड्यांनी लग्नाचा व्हिडिओ आला. टोरांटोचं निम्म्याहून अधिक मी विसरले असेन, ही पाच मिनिटं नाही विसरणार. तिसरं मंगलाष्टक संपतं. मुहूर्त टळतोय म्हणून गुरुजी अंतरपाट दूर करायला सांगतात. मागून मुक्ताचा आवाज येतो, "थांबा. माझ्या आत्याचं राहिलंय." अख्खा हॉल हातात अक्षता धरून थांबतो. मग फोन वाजतो.

आईंनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा टीव्हीतल्या मुक्तालाच म्हणाल्या, "अगं वेडे, मुहूर्त तरी बघायचास!" आणि पदराने डोळे पुसले.