आर्लिसचं धुकं

आमच्या गावात कुणी सांगायला लागलं की काल तळ्यावर मांडीएवढा मासा गळाला लागला होता, पण ऐन वेळी दोरी तुटली, तर ऐकणारा कॉफीचा घोट घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "हं. आर्लिसचं धुकं." मिनेसोटात माणसाला तोंडावर खोटारडा म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे ही म्हण फार सोयीची पडली. सोय साऱ्या गावाची, जळफळाट एकट्या आर्लिसचा.

आर्लिस ट्वेटनं उभा जन्म शाळेची पिवळी बस चालवली. ठेंगणी, गोलमटोल, कानटोपी उतरवायची ती फक्त जुलैत. आणि कान? कान म्हणजे काय विचारता! एकदा ऐकलेला आवाज ती जशाच्या तसा काढायची. बसच्या ब्रेकचं 'क्षिंऽऽस', प्रवचनाआधी पास्टरचं दुहेरी खाकरणं, कडाक्याच्या थंडीत तिच्या थोरल्या भावाचा ट्रक चालू न होता नुसता कण्हायचा ते 'खुंह-खुंह-खुंह'. हे शेवटचं तर इतकं हुबेहूब, की तिचा भाऊ नॉर्म प्रत्येक वेळी उठून खिडकीशी जायचा, आपला ट्रक कोण पळवतंय ते बघायला.

धुक्याची गोष्ट अशी. फार वर्षांमागं सकाळची पोरं शाळेत उतरवली, की दुपारच्या फेरीपर्यंत आर्लिस बर्फगाड्यांच्या दुकानात ऊब घेत बसायची. गिऱ्हाइकांनी रमावं म्हणून दुकानदारानं तिथं एक कॉम्प्युटर मांडला होता आणि त्यावर बर्फगाड्यांच्या शर्यतीचा खेळ. गिऱ्हाइकं राहिली बाजूला, रमली आर्लिस. त्यातली तिसरी शर्यत गोठलेल्या तळ्यावरून जायची. आर्लिसचं म्हणणं, त्या तळ्यावर दाट धुकं असतं. आणि धुक्यात लांबवर, मासे धरणाऱ्यांच्या खोपटांपैकी एका खोपटाच्या खिडकीत पिवळा दिवा लुकलुकतो. काठाकाठानं वळसा घ्यायचाच नाही, दिव्यावर नजर ठेवून सरळ घुसायचं. पहिला नंबर ठरलेला.

पुढं दुकान बसलं, कॉम्प्युटर कुणीतरी नेला, दुकानदार ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला आणि तिकडेच वारला. साक्षीदार संपले. नॉर्मनं तोच खेळ आणून घरच्या कॉम्प्युटरवर लावला, तर तळं आरशासारखं लख्ख! खोपटं होती, पण दिवा एकाही खिडकीत नाही.

"धुकं होतं," आर्लिस म्हणाली.

"असेल, असेल," नॉर्म म्हणाला. आमच्याकडे 'असेल, असेल' म्हणजे 'नाही'.

तेव्हापासून ती म्हण सुरू झाली, आणि यंदाच्या फेब्रुवारीत आर्लिसचा बांध फुटला. कुणाच्या तरी गॅरेजमधून तिनं त्या काळातला कॉम्प्युटरचा एक मातकट डबा मिळवला, खेळाची तबकडी शोधून काढली आणि रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला जाहीर केलं, "येत्या शनिवारी धुकं दाखवते. नाही दिसलं, तर रविवारी इथंच उभी राहून सगळ्यांना सांगेन, की मी बनवून सांगत होते."

"अगं, एवढं कशाला?" नॉर्म म्हणाला. पण चेहरा नाताळच्या सकाळी उठलेल्या पोरासारखा.

आता उरलं होतं फक्त ग्राफिक्स कार्ड, डब्यात खोचायची ती पट्टी, जी पडद्यावर चित्रं काढते.

शनिवारी चर्चच्या तळघरात जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा मेळा होता. एका टेबलावर उघडे डबे, दुसऱ्यावर भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, अंड्याचं सॅलड आणि लिंबाच्या वड्या. वड्यांच्या ताटात एकच शिल्लक, म्हणजे ती आता संध्याकाळपर्यंत पुरणार. शेवटची वडी इथं कुणी घेत नाही. येणारा तिची अर्धी कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याची अर्धी.

मंडळाचा म्होरक्या ड्वेन स्लेटन. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, बोलणं इतकं संथ की वाक्य संपेपर्यंत कॉफी निवते. कार्डांच्या बाबतीत त्याचा न्याय हरणांच्या शिकाऱ्याचा होता. शिंगं जितकी मोठी, तितकं जनावर बरं.

"तर मग, आर्लिस," तो म्हणाला, "हे बघ. याला दोन पंखे आहेत. तुझ्या खेळाला हे म्हणजे मुंगी मारायला नांगर आणल्यासारखं."

"मुंगीचं जाऊ दे. धुकं दिसेल ना?"

"दिसायचं असेल ते सगळं दिसेल."

कार्ड बसवलं, खेळ सुरू झाला. असा पळाला की बघणाऱ्यांच्या माना मोडायची वेळ! बर्फाचा कण न् कण चमकत होता. तिसरी शर्यत आली. तळं लख्ख.

"व्वा!" नॉर्म मागून म्हणाला. "काय स्वच्छ हवा आहे गं! विमानं उतरवायला हरकत नाही."

ड्वेननं दुसरं कार्ड लावलं, एकाच पंख्याचं. तळं तसंच लख्ख. तोवर वडीची चौथाई झाली होती. दोघीतिघी बायका आर्लिसकडे ज्या मायेनं बघू लागल्या, ती माया आमच्याकडे फक्त मयताला निघते. एक तर म्हणाली, "अंड्याचं सॅलड घे थोडं."

आर्लिसनं सॅलड बाजूला सारलं. नॉर्मचं सोडा, पण उद्या कॉफीला उभं राहून जे आपण डोळ्यांनी पाहिलं ते खोटं होतं म्हणायचं? आणि मग तिच्या मनात आलं ते जास्त वाईट होतं. खरंच नसेल तर? इतकी वर्षं सांगून सांगून आपणच आपलं धुकं केलं असेल तर?

तिनं कानटोपी काढली. फेब्रुवारीत! डोळे मिटून तिनं ते जुनं दुकानच काढायला सुरुवात केली. दारावरची घंटा, 'टिलिंग'. हीटर, 'हूंऽऽऽ'. दुकानदाराचं नाक, त्याबद्दल न बोललेलं बरं. मग कॉम्प्युटर. आधी 'बीप', मग आतली तबकडी 'गुर्र-गुर्र-कटकट', खेळ उघडतानाचा काळा पडदा, आणि...

"टक्."

तिनं डोळे उघडले. "हे कुठं गेलं?"

"काय कुठं गेलं?" ड्वेन.

"टक्. खेळ सुरू व्हायच्या आधी डब्यातून टक् व्हायचं, रोज. तुझी दोन्ही कार्डं मुकी आहेत."

"आर्लिस, कार्डं टक् करत नाहीत. केलं, तर समजायचं की मेलं."

"एक करतं!" पलीकडच्या टेबलावरून मेंग शाँग ओरडला. हा रोचेस्टरचा, दुरुस्तीचं टेबल मांडायचा आणि त्याच टेबलावर आईनं तळलेले एग रोलही विकायचा. घरची रीतच तशी, त्यामुळे वयानं मोठं कुणीही दिसलं की त्याची मावशी नाहीतर काका. "मावशी, परत करा बरं. टक् की टिक्?"

"टक्. जाड."

"तेच ते! थांबा!" आणि हात पुसत मेंग ड्वेनच्याच भंगाराच्या खोक्यात घुसला. बाहेर आला तो तळहाताएवढं एक कार्ड घेऊन. पंखा नाही, काही नाही.

"हे?" ड्वेनचा आवाज पडला. "हे तर सगळ्यांत मंद. मी याच्यावर कॉफीचा मग ठेवायचो."

"म्हणून याला वास येतोय होय!" मेंग म्हणाला.

घाईघाईत ड्वेननं आपलं कार्ड उपटलं, हे खोचलं, मॉनिटरची केबल लावली. बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट. सगळे बघत राहिले. पडदाही बघत राहिला.

"दिसलं!" नॉर्म म्हणाला. "अगं, खरंच दिसलं की धुकं! पण इतकं दाट असतं हे नव्हतीस बोलली."

तळघर खदखदून हसलं. आर्लिससुद्धा हसली, दात ओठ खात.

"काका, काय केलंत?" मेंगनं कपाळाला हात लावला. "हे एकटं चालत नाही! हे फक्त खेळच काढतं. बाकीचं सगळं काढायला शेजारी साधं कार्ड लागतं. त्याचं चित्र या छोट्या केबलनं ह्याच्यात येतं, ह्याच्यातून मॉनिटरला जातं. खेळ सुरू झाला की आतली कळ उलटते, साध्याला म्हणते, तू बस आता, मी बघतो. ते तुमचं टक्, मावशी!"

ड्वेनला हे माहीत नव्हतं असं नाही. पण जन्मभर मोठ्या शिंगांमागं धावलेला माणूस, एका जनावराला दुसरं टेकू म्हणून लागतं हे विसरून गेला होता. त्यानं निमूटपणे साधं कार्ड शेजारी बसवलं, मेंगनं पाठीमागं वीतभर केबल जोडली.

बीप. गुर्र-गुर्र-कटकट. काळा पडदा.

टक्.

"ऊफ दा," आर्लिस हळूच म्हणाली. हे आमच्याकडचं 'अगं बाई'.

तिसरी शर्यत उघडली आणि तळ्यावर धुकं होतं. दुधासारखं, दाट, संथ सरकणारं. नंतरच्या कार्डांना हे धुकं काढायची रीतच कळत नव्हती. आणि न कळलेल्या गोष्टीबद्दल आमच्या गावासारखीच ती सभ्यपणे गप्प बसायची. लांब, त्या दुधात, पिवळा दिवा लुकलुकत होता.

आर्लिसनं वळसा घेतला नाही. तोंडानं बर्फगाडीचा आवाज काढत, कारण ह्या डब्याला स्पीकरच नव्हते, ती दिव्यावर नजर ठेवून सरळ घुसली. खोपटाच्या भिंतीला घासून पलीकडे निघाली, सगळ्यांच्या पुढं.

"आता तू," ती नॉर्मला म्हणाली.

नॉर्म बसला. धुक्यात शिरला. डावीकडं गेला, उजवीकडं गेला, एका खोपटावर आदळला, मग दुसऱ्या. "दिवा कुठंय?" "नॉर्म, समोर." "कुठं समोर?" "अरे, तू आलास त्याच दिशेला चाललायस!" शेवटी तो सगळ्यांच्या मागून पोचला, म्हणजे पोचलाच नाही.

तो उठला. घसा साफ केला, पास्टरसारखा दोनदा.

"थोडं धुकं आहे खरं," तो म्हणाला.

आमच्याकडे एवढ्याला लोटांगण म्हणतात. पण नॉर्म तेवढ्यावर थांबला नाही. "उद्या कॉफीला मी उभा राहतो," म्हणाला, आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन लिंबाच्या वडीचं ताट घेऊन आला. ताटात आता अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा राहिला होता.

आर्लिसनं सवयीनं सुरी उचलली.

"नको," नॉर्म म्हणाला. "सगळी."

आर्लिसनं सुरी खाली ठेवली, तुकडा उचलला आणि सावकाश, डोळे मिटून खाल्ला.

ड्वेन ताटाकडं बघत राहिला. "तर मग," तो म्हणाला, "ह्या ताटात एक बारीकसं फूल काढलेलं आहे तर, शेवटच्या तुकड्याखाली."