गाव्रिलाकाका दांड्यात शिरतो

सरकारनं कायदा काढला की गाव्रिलाकाका तो पाळायचाच. पण असा पाळायचा, की काढणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. अंधारात घोडागाडी दिसली पाहिजे असा नियम आला, तेव्हा त्यानं चमकणारं पिवळं जाकीट आणलं आणि रोइबा घोडीला घातलं. "पुढं ती असते, मी मागं झोपलेला असतो. दिसायला कोण पाहिजे?" हा त्याचा सवाल. कापताना डुकराला त्रास होता कामा नये असं ठरलं, तेव्हा नाताळच्या डुकराला त्यानं आधी पहिल्या धारेची प्लमची दारू पाजली. डुक्कर आनंदात गेलं. उरलेली बाटली काकानं दुखवट्याची म्हणून संपवली.

नव्या कायद्यानं मात्र त्याचं हसू पळवलं. मोठ्या रस्त्यावर जनावरानं ओढलेली गाडी आणायची नाही, आणली तर जप्त. आणि मोठा रस्ता गेलेला नेमका गावाच्या पोटातून. अलीकडं घर नि गोठा, पलीकडं कुरण. कुरणात कापलेलं गवत वाळून पडलेलं आणि डोंगरामागून काळे ढग चढायला लागलेले. गवत भिजलं तर हिवाळ्याआधी रोइबाला विकावं लागणार होतं.

"माझ्या भावाचा ट्रॅक्टर मागा," अनुत्साकाकू म्हणाली.

"चढावर उलटतो तो. आन् तुझ्या भावापुढं हात पसरण्यापेक्षा मी स्वतः गवत खाईन!"

रिकामी गाडी त्यानं पहाटे चोरून पलीकडं नेली. गवतानं भरलेली गाडी चोरून कशी आणणार? ती देवळाएवढी दिसते. गाडी भरून तो नि काकू रस्त्याशी आले, तर कडेला पोलीस उभाच होता. तो तिबेरियू, काकाचाच धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला काकानंच त्याला हातात धरलं होतं.

"धर्मबापा, मागं घ्या गाडी. मला लिहावं लागंल."

"लिही की! बाप्तिस्म्याच्या वेळी माझी बाही ओली केलीस, ते मी लिहून ठेवलं होतं का?"

रस्त्याकडेच्या बाकावर बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. तिबेरियूचे कान लाल झाले.

"बरं, सांग. घोडी दोरीला धरून रस्ता ओलांडता येतो?"

"येतो."

"आन् माणसानं ओढलेली हातगाडी?"

"ती पण येते. पण धर्मबापा..."

काकानं रोइबाला गाडीपासून सोडलं, दोरी काकूच्या हातात दिली आणि घोडीच्या जागी स्वतः दांड्यात शिरला. काकू घोडी घेऊन ठुमकत पलीकडं गेली.

"आता तू माणूस का जनावर रे, गाव्रिला?" दुकानवाल्या वार्वारानं विचारलं.

"ते आमच्या बायकोला विचार!"

"खेचर!" रस्त्यापलीकडून काकू ओरडली.

खेचरानं जोर लावला. गाडी कुरकुरत निघाली, रस्त्याच्या ऐन मध्यावर आली आणि तिथं रुतल्यासारखी थांबली. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. एका ट्रकवाल्यानं भोंग्यावर हात ठेवला तो काढीचना.

"वाहतूक अडवल्याचा दंड वेगळा होतो!" तिबेरियू ओरडला.

"कर ना दंड. आधी ढकल, नाहीतर पावती द्यायला नातवंडं येतील तुझी!"

ट्रकवाला आयमाय काढतच खाली उतरला. पण पावसाचा टपोरा थेंब नाकावर पडला तसा त्यानं वर ढगांकडं बघितलं, मग गवताकडं. तोही कुणा शेतकऱ्याचाच पोर असणार. मुकाट्यानं त्यानं गाडीला खांदा दिला. तिबेरियूनं टोपी काखेत मारली आणि दुसरी बाजू धरली. बाकावरच्या बायाही पदर खोचावा तसे एप्रन खोचून धावल्या. गाडी हलली आणि काका पुढं पळायला लागला, कारण न पळता त्याला इलाजच नव्हता. मागून अख्खं गाव ढकलत होतं.

अंगणात गाडी थांबली. काका दांड्यातच वाकून धापा टाकत राहिला. तेवढ्यात मागून कचकच आवाज आला. रोइबा आरामात गाडीतलं गवत ओढून खात होती.

"अजून दोन खेपा आहेत," काका कण्हला.

तिबेरियूनं टोपी घातली, तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून सगळी वाहतूक थांबवली.

"मग उभे काय राहिलात? पळा, धर्मबापा!"