एझेल पेटवेचं नाक

आधी उजेड येतो, मग माणसं. ओकच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं शेवाळ, त्यातून गाळून उतरलेलं सकाळचं ऊन, आणि त्या उन्हात न्यू हार्वेस्ट चर्चच्या पांढऱ्या फळ्या. पांढऱ्या म्हणायच्या त्या रस्त्याकडून. उत्तरेची भिंत हिरवी पडलेली, पन्हळीखाली काळे ओघळ, आणि पायऱ्यांच्या लोखंडी कठड्यानं सिमेंटवर गंजाच्या नारिंगी रेघा सोडलेल्या. मोबील शहराच्या दमट किनाऱ्यावर घर बांधणं सोपं. ते पांढरं ठेवणं अवघड.

मग एक निळा ट्रक येतो. मागे पाण्याची टाकी, प्रेशर मशीन, नळ्यांची वेटोळी आणि एकसारखे पांढरे प्लास्टिकचे कॅन. एका बाजूनं एझेल पेटवे उतरतो, उंच आणि जरासा वाकलेला, पायात रबरी बूट. दुसऱ्या बाजूनं त्याची बायको विलोडीन. तिच्या काखेत घडीची खुर्ची, डोक्यावर चर्चमधून निवृत्त झालेली जांभळी हॅट.

लग्न झाल्यापासून त्यांची घरं धुण्याच्या कामाची वाटणी ठरलेली होती. भिंती आणि ड्राइव्हवे त्याचे, झाडं तिची. औषध मारण्याआधी ती लोकांच्या अझेलिया, कॅमेलिया पाण्यानं चिंब करायची, म्हणजे वरून पडलेलं ब्लीच पानांना जाळत नसे. पुन्हा शेवटी धुवायची. एझेलनं कुणाचं घर धुतलं आणि झाड मेलं, असं त्या भागात कुणी म्हणू शकत नव्हतं.

आणि एझेलची खरी विद्या औषध निवडण्यात होती. मशीन काय, कुणीही विकत आणतं. नवशिके धंद्यात यायचे, जोराचा फवारा मारून भिंतीच्या फळ्या सोलून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी दिसायचे नाहीत. एझेल आधी डागासमोर उभा राहायचा, एखाद्या नव्या पाहुण्याकडे बघावं तसा. "जोरानं घाण जात नाही, रंग जातो," तो म्हणायचा. "हिरवं असतं ते जिवंत असतं. त्याला पातळ ब्लीच आणि साबण लावून थोडा वेळ मरू द्यायचं, मग हलक्या पाण्यानं न्हाऊ घालायचं. गंजाला ब्लीच लावलं तर तो जास्तच चिकटून बसतो. त्याला ॲसिड हवं. आणि ड्राइव्हवेवरचं गाडीचं तेल आळशी असतं. गरम पाणी पडल्याशिवाय हलत नाही. तिघांना एकच औषध दिलं तर तिघंही तुम्हाला हसतात."

एवढी औषधं, पण त्याच्या एकाही कॅनवर नाव नव्हतं. झाकण सैल करायचं, हातानं थोडं वारं नाकाकडे घ्यायचं. ब्लीच नाकात घुसायचं. साबणाला लिंबाचा वास. तेलाच्या डागाचं औषध संत्र्याच्या सालीसारखं. आणि ज्याला कसलाच वास नाही ते गंजाचं ॲसिड.

"नावं लिही रे त्यांच्यावर," विलोडीन म्हणायची.

"तू मिठाच्या बरणीवर मीठ लिहितेस?"

"मीठ आणि साखर चुकली तर माणूस मरत नाही, पेटवेसाहेब. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर विषारी धूर होतो, हे मला तूच शिकवलंस. ज्या दिवशी तुझं नाक दगा देईल, त्या दिवशी हा ट्रक विकायचा. सांगून ठेवते."

नाताळात एझेलला ताप आला. ताप गेला, आणि जाताना त्याचं नाक घेऊन गेला. पहिल्यांदा कॉफीवरून कळलं: कपात नुसतं गरम पाणी. मग त्यानं ट्रकमध्ये जाऊन एकेक झाकण उघडलं. सगळेच कॅन आता कसलाच वास नसलेले झाले होते.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. ट्रक गेला तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी उठून कुणाची तरी भिंत पांढरी करायची, लोकांनी रस्त्यातून हाक मारायची, विलोनं शेजारच्या सीटवर बसून त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायची. हे सगळं त्या ट्रकबरोबर जाणार होतं. नावं लिहावीत, तर ती लगेच विचारणार की आजच का. म्हणून त्यानं नेहमी डावीकडे ठेवलेल्या ॲसिडच्या कॅनच्या गळ्याला निळा दोरा बांधला. घरी शेंगदाण्याचं पातेलं तळाला करपलं, तो शेजारी बसून होता. "वास नाही आला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "मॅच बघत होतो."

आता चर्चसमोर मदर क्रेंशॉ उभ्या होत्या. चर्चच्या सर्वांत थोरल्या बाई. त्यांच्यासमोर पाद्रीसुद्धा शर्टाची बटणं तपासतात.

"एझेल बाळा," साठी ओलांडलेल्या एझेलला त्या म्हणाल्या, "रविवारी होमकमिंग आहे. शिकागो, डेट्रॉइट, जिथे जिथे गेलीत ती सगळी लेकरं येणार. देवाचं घर मला माझ्या ताटासारखं लख्ख हवं."

"मदर, तुमची ताटं कागदाची असतात."

"तोंड आवर. तुझ्या बाप्तिस्म्याला मी होते. तुला आणखी थोडा वेळ पाण्याखाली ठेवायला हवं होतं."

एझेलनं पायऱ्यांपासून सुरुवात केली. झाकणाच्या बादलीत आधीच्या कामाचं उरलेलं ॲसिड, लांब दांड्याचा ब्रश. वरच्या पायऱ्यांचा गंज उतरला. खालच्या राहिल्या तेव्हा बादलीच्या तळाशी थोडंसंच उरलं होतं. तो ट्रककडे गेला. आजच्या कामाचे दोन कॅन, ब्लीच आणि ॲसिड, शेजारी शेजारी उभे होते, धुऊन पुसून चकचकीत. दोरा कुठेच नव्हता.

"विलो," त्यानं हाक मारली, "कॅनला एक दोरा होता."

विलोडीन कोपऱ्यावरच्या कॅमेलियांना पाणी देत होती. "चिंध्या बांधून ठेवल्यास सगळीकडे. काल ट्रक आवरला ना, तेव्हा फेकला. का, काय होतं त्याचं?"

सांगायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. मदर क्रेंशॉ वरच्या पायरीवरून बघत होत्या, ऊन चढत होतं.

"काही नाही," एझेल म्हणाला.

त्यानं दोन्ही झाकणं उघडली. सवयीनं हाताचं वारं घेतलं. नाकात नुसती हवा आली. मग कालपर्यंत ॲसिड डावीकडे असायचं एवढ्या आठवणीवर त्यानं डावा कॅन उचलला, पायऱ्यांशी नेला आणि बादलीत ओतला.

पिवळट धूर त्याला दिसला, पण तो उन्हाचा खेळ वाटला. मग डोळे चुरचुरले. घशात कुणीतरी मूठ घातल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून विलोडीनचा आवाज आला, "एझेल, लांब हो."

ती लांब पळाली नाही. चालू नळी ओढत त्याच्याकडेच आली, बादलीवर पाण्याचा लोट सोडला, त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे खेचलं. ती त्या धुरातच उभी होती. तिनं श्वास घेतला तो तिथेच.

मग दोघंही ओकखालच्या गवतावर. खोकला थांबेना. मदर क्रेंशॉ ॲप्रन नाकाशी धरून पाणी घेऊन आल्या.

खोकला ओसरल्यावर विलोडीन म्हणाली, "मला तिकडे कॅमेलियापाशी वास आला." आवाज घोगरा झाला होता. "तुला आला नाही."

त्यानं नाकावरून हात फिरवला.

"कधीपासून?"

"नाताळातल्या तापापासून."

"माझ्या वाढदिवसाला तू म्हणालास, छान वास येतोय, विलो."

"म्हणालो."

"त्या दिवशी मी काही लावलंच नव्हतं."

"अत्तराची बाटली बाहेर काढलेली दिसली. मला वाटलं…"

"आणि मला वाटलं, म्हातारा आज गोड बोलतोय."

होमकमिंगच्या रविवारी चर्च लख्ख होतं. शेजारपाजारच्यांनी उरलेलं काम केलं होतं. विलोडीन गायकांच्या रांगेत तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली आणि ओठ मिटून राहिली. डॉक्टर म्हणाले, सुटली. पुढे धुरानं बसलेल्या गळ्यातला खालचा सूर परत आला. वरचा आला नाही. ज्या ओळीवर सगळं चर्च तिच्याकडे वळायचं, तिथे दर रविवारी एझेलला एक रिकामी जागा ऐकू यायची, आणि ती भरून काढायचं औषध त्याच्या कुठल्याही कॅनमध्ये नव्हतं.

त्यानं ट्रकच्या किल्ल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या. "विक," म्हणाला.

तिनं आधी कॉफी संपवली.

"नाकानं दगा दिला तर विकायचा, असं म्हणाले होते मी. नाकानं नाही दिला. ते आजारी पडलं. दगा तू दिलास." तिनं किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या. "माझं नाक चालतंय. आजपासून मी हुंगल्याशिवाय एक थेंब ओतायचा नाही. कॅनवर नावं मी लिहिणार, मोठ्या अक्षरात. आणि वासाच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलायचं नाही. कधीच."

"नाही बोलणार."

त्यानंतर मोबीलच्या लोकांनी ते दृश्य पुष्कळ वर्षं पाहिलं. भिंतीसमोर एझेल, हातात कॅन. समोर जांभळी हॅट, डोळे मिटलेले, तळव्यानं हळूच वारं घेणारी. "ब्लीच," ती म्हणायची. किंवा, "संत्रं." मगच तो काम सुरू करायचा. कुणी हसलं तर विलोडीन सांगायची, "याचं नाक मी भाड्यानं चालवते." घरीही ती त्याला सांगत राहायची: कॉफी कडक झालीये, शेजारी मासे तळतायत, पाऊस खाडीकडून येतोय. वरचा सूर कुठे गेला, याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. त्यानं पुन्हा पुन्हा क्षमा मागितली तेव्हा म्हणाली, "ऐकलं मी पहिल्यांदाच. आता जेव."

मग एझेलचं हृदय थकलं. पलंग खिडकीशी घेतला. बाहेर त्याचाच ड्राइव्हवे होता, कडेनं पुन्हा हिरवा पडत चाललेला, आणि त्यावर निळा ट्रक.

त्या संध्याकाळी विलोडीन त्याची उशी सारखी करायला वाकली. "दारातलं टी-ऑलिव्हचं झाड फुललंय," ती त्याला सांगत होती. "कुणीतरी गवत कापलंय. आणि मदर क्रेंशॉंच्या नातीनं सूप आणलंय, त्यात मिरी जास्त झालीये."

तो ऐकत होता. तिच्या खांद्यावरून त्याला आरशापुढची अत्तराची बाटली दिसत होती. बाटलीच्या झाकणावर धूळ बसली होती. त्याच्या आजारपणात विलोडीननं बाटलीला हातही लावला नव्हता. ती धूळ त्याला दिसतेय, हे तिनं त्याच्या नजरेवरून ओळखलं. त्यानं जमेल तेवढा श्वास आत ओढला. आत नुसती हवा आली.

"छान वास येतोय, विलो," तो म्हणाला.