काविळीचं बी

हरणाबाई म्हणजे उंब्रजची तोफ. एकदा सुटली की समोरचा गार. सून रेश्मा पोटुशी असताना तिच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' निघालं. कावीळच ती, लिव्हरची, असं कुणीतरी सांगितलं, आणि बाईनं धरलं फक्त 'बी'. काविळीचं बी! आता ते नातवात उगवणार, म्हणून तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्याच दिवशी तिनं रेश्माचं ताट-तांब्या वेगळं काढलं. रेश्मा बिचारी कोपऱ्यात बसून जेवायची.

पुढच्या तपासणीला रेश्मा दवाखान्यातल्या नर्स क्रांतीपुढं रडली, तशी क्रांती घरीच येऊन धडकली.

"आवं हरणाकाकी, एका ताटात जेवून हे पसरत न्हाई. रक्तातनं पसरतं, नवरा-बायकोत पसरतं, बाळंतपणात आईकडनं बाळाला जातं."

"मग नातू गेलाच की गं माझा!"

"आसं कसं? पेरायच्या आधी बियाला औषध चोळता न्हवं? तसं बाळ जन्मलं की लगेच त्याला सुया टोचायच्या. पुढचे डोस चुकवायचे न्हाईत. बहुतेक बाळं वाचत्यात. आन् घरातल्या समद्यांनी रक्त तपासून घ्या."

पेरणीची भाषा हरणाबाईला पटली. सगळे तपासून आले. रेश्माच्या नवऱ्याला काही नव्हतं, त्याला लस दिली. निघालं ते हरणाबाईला! कुठनं आलं, किती वर्षं अंगात मुक्कामाला होतं, देव जाणे. बाईला कधी साधा त्रास नव्हता. लिव्हर ठीक होतं, फक्त वरचेवर तपासत राहायचं होतं.

जेवायच्या वेळी तिनं ते वेगळं ताट गुमान स्वतःपुढं ओढलं. रेश्मानं ते उचललं आणि मागच्या परड्यात कोंबड्यांना पाण्यासाठी ठेवून आली.

"आवं आत्या, या हिकडं. माज्या ताटात."

हरणाबाई रडत रडतच आमटीत भाकरी कुस्करत राहिली.

नातू नाही, नात झाली. तिला लगेच सुया दिल्या, पुढचा एकही डोस चुकवला नाही. पोर वर्षाची झाल्यावर रक्त तपासलं. क्रांतीनं रिपोर्ट वाचून मान हलवली, काही नाही म्हणून. हरणाबाईनं नातीला उचललं आणि भरल्या दवाखान्यात आरोळी ठोकली,

"न्हाई उगवलं गं, रेश्मे! बी न्हाई उगवलं!"